‘लूट’ या शब्दाविषयी
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता आणावयाचा नाही, आपल्यापैकीच पाचजणींनी एकेक शब्द निवडून त्यावर बोलावे, असे कार्यकारिणीने ठरविले. कोणी ‘माहेर’ घेतला, कोणी ‘उंबरठा’ घेतला. मी ‘लूट’ हा शब्द सांगितला तेव्हा चिटणीसबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. बायकांच्या सभेत ही दरोडेखोरी कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण पौष महिना लागला की याच चिटणीसबाई भेटेल तिला विचारतात, “यंदा काय लुटणार गं तू?” त्या वेळी त्यांना दरोडेखोर कोणी म्हणत नाही. हा शब्द मी का घेतला याचे अर्धे उत्तर एवढ्यातच आले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे सांगणार आहे त्यातले थोडे वाचनालयातल्या पुस्तकांतले, थोडे आमच्या सासूबाईंच्या तोंडचे, आणि थोडे भाकऱ्या थापताना मनात आलेले. पंडितांनी ते पंडिताच्या तराजूत घालू नये.

प्रथम या शब्दाचे भाऊबंद पाहू. दुसऱ्याचे हिसकून नेण्याला आपल्या मराठीत शब्दांचा तोटा नाही. आपल्या पूर्वजांनी हे काम पुष्कळ केले आणि पुष्कळ सोसलेही, त्याचीच ही साक्ष. ‘धाड’ म्हणजे अवचित येऊन पडणारी टोळी. टोळांची पडते ती टोळधाड. आपल्याकडे भात पोटरीला आले की रानडुकरांची धाड पडते आणि परसातल्या पपयांवर वानरांची. एखादा धडधाकट मुलगा काम सोडून बसून राहिला तर आपण म्हणतो, “तुला काय धाड भरली आहे?” ‘घाला’ हा दबा धरून घालायचा. माणूस अचानक गेला की काळाने घाला घातला असे वर्तमानपत्रात येते. ‘छापा’ रात्रीचा. शिवाजी महाराजांनी १६६३ च्या एप्रिलात लाल महालात शाएस्तेखानावर घातला तो छापा. आता छापे सरकारी खात्यांचे पडतात आणि ते दिवसाढवळ्याही पडतात. ‘नागवणे’ हा शब्द तर ऐकतानाच अंगावर येतो. अंगावरचे वस्त्रसुद्धा ठेवावयाचे नाही, असा त्याचा मूळ भाव.

‘दरोडा’ या शब्दाचा अर्थ मात्र कायद्याने पक्का केलेला आहे. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा. चौघांनी केली तर ती नुसती जबरी चोरी. इंग्रजांच्या दंडविधानात असे होते, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यातही पाचाचाच आकडा कायम आहे. आज या व्यासपीठावर बोलणाऱ्या आम्हीही पाचजणी आहोत आणि तुमचा वेळ घेणार आहोत, तेव्हा हवालदारसाहेबांना कळवू नये ही विनंती.

या सगळ्या शब्दांत ‘लूट’ निराळा पडतो. धाड, घाला, दरोडा हे फक्त घेण्याचे शब्द आहेत. लूट मात्र घेण्याचीही आहे आणि देण्याचीही. ते कसे, ते मी शेवटी सांगेन. आधी घेण्याची लूट पाहू, कारण आपण राहतो तो मुलूख तिच्याशी बांधलेला आहे. एका अंगाला प्रतापगड, दुसऱ्या अंगाला रायगड, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आपल्याच तालुक्यात, आणि ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी तर आपल्या गावातच. इथे बसून लुटीचा विषय निघाला आणि सुरतेचे नाव आले नाही, असे कसे होईल?

सुरतेवर महाराज दोनदा गेले, १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात. शाळेत आपण सगळ्याजणी ‘सुरतेची लूट’ असेच शिकलो. २०२४ च्या सप्टेंबरात या एका शब्दावरून राज्यात मोठा वाद झाला. लूट म्हणावयाचे की नाही, महाराजांना तो शब्द लावणे शोभते की नाही, यावर मोठमोठी माणसे दूरदर्शन संचांवर भांडत होती. आमच्या घरीही त्या रात्री जेवणे लांबली. मुलगा म्हणाला, स्वारी म्हणा. हे म्हणाले, लूटच, त्यात लाजायचे काय?

मला स्वतःला वाटते की त्या काळच्या माणसांना या शब्दाची लाज वाटली नसती. जुन्या बखरकारांच्या भाषेत तर ‘शहर मारले’, ‘मुलूख मारला’ असे सरळ असे. शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता, मुलूख उजाड झाला होता, आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. नुकसान जिथून झाले तिथून भरून काढावयाचे, असा तो सरळ हिशेब. खरा प्रश्न शब्दाचा नाही, लूट कशी केली याचा आहे. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, सुरतेत अँब्रोज नावाच्या पाद्र्याच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही, आणि एका दलालाचे घरही सोडले. का, तर तो दलाल हयात असताना फार दानधर्म करीत असे, असे महाराजांना कळले होते. मला ही गोष्ट फार आवडते. चढाईच्या घाईत, परक्या शहरात, मेलेल्या माणसाच्या दानाची चौकशी कोण करतो?

कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या पश्चात बखर लिहिली, तिच्यात लष्कराचे नियम दिलेले आहेत. दसरा झाला की लष्कराने बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात काढावे आणि पावसाच्या तोंडावर परत यावे. बरोबर बायको, बटीक, कलावंतीण कोणी नेऊ नये. परमुलखातही बायकापोरे धरू नयेत. परत आल्यावर प्रत्येकाचे सामान तपासावयाचे, आणि जाताना नव्हते ते सरकारात जमा करावयाचे. म्हणजे लुटीलाही वही होती! आपल्या भिशीची वही नीट ठेवता ठेवता आपल्या खजिनदारबाईंना घाम फुटतो, मग त्या कारकुनांचे काय होत असेल?

आणि स्वतःच्या मुलखात तर सक्त मनाई. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणला घोडदळाची छावणी होती, तिच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. अशा अर्थाचे ते पत्र आहे. त्यात रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बजावलेले आहे. उंदराने वात पळवण्याची काळजी आपल्या सासवांना असे. राजाला ती असावी हे वाचून मला फार नवल वाटले.

पण भगिनींनो, आपल्या माणसांची बाजू सांगताना दुसऱ्याची झाकू नये. सुरतेत त्या दिवसांत आगी लागल्या, पुष्कळ घरे जळाली, धनिकांना धरून पैसा काढला. तिथेही बायका होत्या, आणि त्यांची मुले पदराआड रडत असतील. पुढे महाराजांची शिस्त राहिली नाही तेव्हा तर विचारूच नका. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालवर जात होती. त्या मुलखाने आपल्या घोडेस्वारांना ‘बर्गी’ हे नाव दिले. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, त्याचेच हे झाले. त्यांच्या भीतीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती १७४२ साली खंदक खणला, त्याचे नाव मराठा खंदक. आणि बंगाली आया आजही जी अंगाई म्हणतात तिच्यात हे बर्गी आहेत. मूल झोपले, गाव शांत झाला, आणि बर्गी देशात आले, आता सारा कुठून भरावयाचा, असा तिचा अर्थ आहे.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. आपण पोवाड्यात ज्यांचे नाव ऐकून मान ताठ करतो, त्यांचेच नाव घेऊन दूर कोठेतरी एक आई मुलाला थोपटते. दोन्ही खरे आहे.

आता इंग्रजांचे पाहा. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या इंग्रजी धड्यात ‘लूट’ हाच शब्द आला. ती म्हणाली, “आई, हा तर आपला!” आपलाच आहे. संस्कृतातल्या ‘लुण्ट्’ धातूपासून तो हिंदीत, मराठीत आला, आणि कंपनी सरकारच्या लोकांनी तो अठराव्या शतकात इथून उचलला. १८५७ च्या बंडानंतर तो त्यांच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत चांगलाच रुळला. पण हा शब्द ते मुख्यतः दुसऱ्यांच्या कामाला लावीत. १८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांनी घेतला, तेव्हा गडावर दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. त्या लढाईत दक्षिणेतून जे द्रव्य इंग्रजांच्या हाती लागले, त्याच्या वाटणीवरून त्यांच्या सेनापतींत वर्षानुवर्षे भांडण चालले. त्या द्रव्याला त्यांनी काय नाव दिले होते? ‘प्राईझ’, म्हणजे बक्षीस! दुसऱ्याने नेले तर लूट, आपण नेले तर बक्षीस. शब्द कोणाच्या तोंडी आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, हे मी त्यावरून शिकले.

याचा अनुभव आपल्यालाही आहे. २०२१ च्या जुलैची २२ तारीख कोणी विसरलेले नाही. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तळिये गावावर दरड आली, आपल्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथली माणसे गेली, आंबेनळी घाट बंद पडला. त्यानंतर मुंबई-पुण्याकडून मदतीचे ट्रक येऊ लागले. चांगल्या माणसांनी पाठविलेले, त्यांचे उपकार आहेत. पण आतल्या वाड्यांचे रस्ते तुटलेले, त्यामुळे काही गाड्या हमरस्त्यावरच उभ्या राहत, आणि दोन दिवस उपाशी असलेली माणसे त्यांच्याकडे धावत. त्या वेळी एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, “बघा, कशी लुटालूट चालवली आहे!” त्याच दिवशी एका दुकानात मी मेणबत्त्या घ्यायला गेले तर तिप्पट भाव. घरात वीज नाही, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी पैसे मोजून दिले. त्याला मात्र त्या गृहस्थांनी व्यापार म्हटले. दुकानात तो एकटाच होता, तेव्हा कायद्याने तो दरोडाही होत नाही.

अजून एका प्रयोगाविषयी बोलावयाचे आहे. मुली पुढे बसल्या आहेत म्हणूनच स्पष्ट बोलते. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की आपल्याकडे म्हणतात, तिची अब्रू लुटली. सिनेमात म्हणतात, वर्तमानपत्रात छापतात, आणि आपणही पाण्याच्या नळावर तेच बोलतो. मला हा प्रयोग मुळीच पटत नाही. लुटलेली वस्तू लुटारूच्या घरी जाते आणि ज्याचे लुटले तो रिकामा होतो, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. मग त्या मुलीची अब्रू त्या नराधमाच्या घरी गेली काय? त्याला ती मिळाली काय? अब्रू गेली ती त्याची. तिला जखम झाली आहे, आणि जखमेला औषध असते, न्याय असतो. पण एकदा ‘लुटली’ म्हटले की लोक तिच्याकडे चोरी झालेल्या घराकडे पाहावे तसे पाहतात, आणि ती स्वतःही तसेच पाहू लागते. अत्याचार हा शब्द आहे, बलात्कार हा कायद्याचा शब्द आहे, ते वापरावेत. आपल्या मंडळाच्या कोणत्याही कागदावर यापुढे तो जुना प्रयोग येऊ नये, एवढे मी अध्यक्षाबाईंना सुचविते.

बरे, आता ज्या लुटीसाठी मी हा शब्द घेतला तिच्याकडे वळते.

दसऱ्याला आपण शिवेवर जातो आणि सोने लुटतो. त्याची कथा तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. गुरूंनी चौदा विद्यांची चौदा कोटी मोहरा दक्षिणा मागितली. तो रघुराजाकडे गेला, तर राजाने यज्ञात सर्वस्व दान करून टाकलेले, हातात मातीचे भांडे. याचकाला विन्मुख पाठवायचे नाही म्हणून रघूने थेट कुबेरावर चढाईची तयारी केली, आणि घाबरून कुबेराने रात्रीच मोहरांचा पाऊस पाडला. आपट्याच्या झाडावर पडला, म्हणतात. पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या, एकही जास्त नाही. राजा म्हणतो, सगळ्या तुझ्यासाठीच आल्या, ने. कौत्स म्हणतो, मला गुरूंना द्यायच्या तेवढ्याच हव्यात. मग उरलेल्या कोणाच्या? राजाच्याही नाहीत, कौत्साच्याही नाहीत. त्या लोकांनी लुटल्या. सोने लुटणे ते हे.

एकाच गोष्टीत लुटीची दोन्ही तोंडे आली की नाही? आधी कुबेराला चढाईचा धाक, आणि शेवटी कोणाचेच नसलेले धन सगळ्यांना मोकळे. (हल्ली मात्र खरी लूट आपट्याच्या झाडांची होते. डोंगरातून फांद्याच्या फांद्या ओरबाडून शहरात गाड्या भरून जातात, आणि त्यात निम्मी पाने कांचनाची असतात. एक पान दिले तरी सोनेच असते हो.)

लहान मुलांच्या बोरन्हाणाला कित्येक घरी बोरलूट म्हणतात. मूल पाटावर, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतावयाचा. खाली पडले की आळीतली पोरे तुटून पडतात. कोणी त्यांना “हळू, एकेक” म्हणत नाही. एरवी शेजारच्या पोराने आपल्या परसातले एक बोर उचलले तर आपण हाक मारतो, पण त्या दिवशी जो जास्त उचलेल त्याचे कौतुक.

आणि संक्रांत! वाण लुटणे. वाण ‘वाटणे’ म्हणत नाहीत, ‘देणे’ही फारसे म्हणत नाहीत, ‘लुटणे’ म्हणतात. जुन्या काळी ऐपतीच्या घरची बाई कुंभाराचा आवाच्या आवा विकत घेई, म्हणजे भट्टीतली सगळी मडकी, आणि आल्यागेल्या बायांना ती लुटू देई. त्याला आवा लुटणे असे नाव होते. त्या मोठ्या लुटीची आता सुगडे राहिली. त्यांत हरभरा, ऊस, गाजर, तिळगूळ. मग आरसे-फण्या आल्या, मग स्टीलच्या वाट्या, मग प्लास्टिकच्या साबणदाण्या, चहाच्या गाळण्या. माझ्या फडताळात अशा अकरा गाळण्या आहेत. हसू नका, तुमच्याकडेही असतील.

हा शब्द इथे का आला असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की देण्यामध्ये देणारी वर आणि घेणारी खाली असते. घेणारीला हात पसरावा लागतो, आणि देणारी तिच्याकडे पाहून ठरविते, हिला द्यावे की न द्यावे, किती द्यावे. लुटीत तसे नाही. मालकिणीने आपले मांडले आणि ती बाजूला झाली. आता ते जिने उचलले तिचे. कोणाचे उपकार नाहीत, कोणाचे मिंधेपण नाही. उचलणारी वाकते ती वस्तूसाठी, माणसापुढे नव्हे. आणि जी मालकीण स्वतःचे असे लुटू देते, तिला कोणी लुटले असे आपण म्हणत नाही.

दुकानदारांनी हा शब्द आता आपल्याकडून उचलला आहे. ‘महालूट’ अशी पाटी लावतात. तिथे कोण कोणाला लुटतो ते पिशवी रिकामी करताना कळते. असो.

आता जे बोलावयाचे ते थोडे अवघड आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तुम्ही ओळखता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, भावोजी गेले. त्यापूर्वी आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला जाऊबाई सर्वांत पुढे. त्यांच्या हातच्या तिळाच्या वड्यांना मंडळात तोड नाही, हे तुम्हीच म्हणता. भावोजी गेल्यानंतरच्या संक्रांतीलाही वड्या त्यांनीच केल्या. २०० वड्या. मागच्या स्वयंपाकघरात बसून केल्या, ताटात लावून दिल्या. बाहेर सभागृहात वाण लुटले जात होते, हसण्याचा आवाज आत जात होता, आणि त्या ताटे पुसत होत्या. त्यांना कोणी अडविले नाही, हे खरे. पण कोणी बोलाविलेही नाही.

मी घरी जाताना एक वाण जास्तीचे उचलले आणि रात्री त्यांच्यापुढे ठेवले. त्या म्हणाल्या, “छान आहे गं. पण हे तू दिलंस. मी लुटलं नाही.”

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्या तिसरी शिकलेल्या आहेत. पण या शब्दाचा अर्थ त्यांच्याइतका नेमका मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही.

मैत्रिणींनो, करोनाने आणि दरडींनी आपल्या तालुक्यात किती घरांत अशा बायका एकट्या केल्या, ते तुम्हाला मी सांगावयास नको. प्रत्येकीच्या आळीत दोन-चार आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. गावच्या ग्रामसभेत जे होऊ शकते ते बायकांच्या मंडळात अधिक सोपे असावयास हवे.

वडीलधाऱ्या बायकांना हे रुचणार नाही, हे मी जाणते. आमच्या सासूबाई हयात असत्या तर त्यांनीही डोळे वटारले असते. त्यांच्या मनात दुष्टावा नसतो. आपल्या कुंकवाला काही होऊ नये, अशी भीती असते, आणि ती भीती मलाही कळते, माझ्याही घरी कुंकू आहे. म्हणून मी कोणावर सक्ती करा असे म्हणत नाही. हळदीकुंकू जिला लावून घ्यावयाचे तिने घ्यावे, जिला नको वाटेल तिने अत्तर आणि गुलाबपाणी घ्यावे. काही जणींना स्वतःलाच अजून नको वाटेल, त्यांना ओढू नये. पण वाणाचे तसे नाही. वाण हे लुटावयाचे आहे, आणि दारावर पहारा बसवून आत चालते ती लूट नव्हे, वाटप.

माझी सूचना एवढीच की, येत्या संक्रांतीच्या पत्रिकेत ‘सौभाग्यवती भगिनींनी’ असे जे दरवर्षी छापले जाते, त्याजागी ‘सर्व भगिनींनी’ असे छापावे. दुसरे, वाण हातात देण्याची पद्धत बंद करून सभागृहाच्या मध्ये सतरंजीवर मांडून ठेवावे आणि ज्या येतील त्यांनी उचलावे. कमी पडले तर पडू द्या, शेवटी येणाऱ्यांत कार्यकारिणीच्या आम्ही असू. कार्यकारिणीची पुढची सभा मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आहे, तिथे मी हे लेखी मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी त्या सभेला जरूर यावे आणि बोलावे. मागून नळावर बोलू नये.

यंदा काय लुटावे यावरही विचार झाला पाहिजे. कृपा करून गाळणी नको. मी महाडच्या बाजारात स्टीलच्या ओगराळ्यांची चौकशी केली आहे, २०० नग एकदम घेतले तर बरेच स्वस्त पडतात. भावाचा कागद चिटणीसबाईंकडे दिला आहे. आणखी एक. थोरल्या जाऊबाईंना मी यातले अद्याप काही सांगितलेले नाही. पत्रिका छापून आली की त्यांची पत्रिका मंडळातर्फे कोणीतरी दोघींनी घरी येऊन द्यावी. मी ती नेऊन देणार नाही.